पॉलिसी मैदानाच्या नकाशावर ठेवून वाचा: अश्वस्पर्धा भरवणाऱ्या क्लबांना खुले पत्र

प्रति,
अश्वस्पर्धा भरवणाऱ्या क्लबांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

स्पर्धेच्या आधीच्या सभेत विम्यावर साधारण अर्धा मिनिट जाते. 'विमा झाला का?' 'झाला.' मग चर्चा चषक, निवेदक आणि पावसाकडे वळते. फाइलीला एकपानी प्रमाणपत्र लावलेले असते, त्यावर मोठा आकडा असतो आणि तो बघून सगळे निर्धास्त होतात. हे पत्र त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

दायित्व विम्यात, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी क्लबवर आली तर ती भरपाई भरणाऱ्या विम्यात, आकडा सर्वांत शेवटी बघायचा. आधी बघायचे ते असे: पॉलिसी कोणाची जबाबदारी उचलते, कोणाला झालेली इजा मोजते, कुठल्या जागेवर आणि कुठल्या तासांत. फुटबॉलचा सामना असो की गाण्याची मैफल, ही उत्तरे बऱ्यापैकी सरळ येतात. घोड्यांच्या स्पर्धेत ती तशी येत नाहीत. इथे ५०० किलोच्या आसपास वजनाचा प्राणी आहे. त्याला बुजायला फडफडणारी पिशवी पुरते, आणि तो क्लबच्या मालकीचाही नसतो. आयोजकांच्या हातून काहीच चुकले नाही तरी दावा उभा राहू शकतो, आणि बाजारात मिळणारी साधी 'इव्हेंट पॉलिसी' नेमक्या याच प्रसंगांना वगळते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. पुढच्या सभेत टेबलावर मैदानाचा नकाशा पसरा. शेजारी पॉलिसीचा पूर्ण मजकूर ठेवा. प्रमाणपत्र नको, अपवादांसकटचा सगळा मजकूर हवा. घोडा ट्रेलरमधून उतरल्यापासून परत चढेपर्यंत ज्या वाटेने जातो तिच्यावरून बोट फिरवत जा आणि प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न विचारा: इथे काही झाले तर कोण भरणार?

पहिला थांबा ट्रेलर लावायची जागा. बहुतेक नकाशांवर ती कोपऱ्यात 'पार्किंग' असे लिहून संपवलेली असते. प्रत्यक्षात घोडा सगळ्यांत जास्त अस्वस्थ असतो तो इथेच. प्रवासाने शिणलेला, अनोळखी जागा, शेजारच्या ट्रेलरमधून दुसरा घोडा खिंकाळतोय, आणि मोतद्दाराच्या हातात फक्त दावणीची दोरी. दोरी निसटली, वाहनांसाठी सताड उघडे ठेवलेले फाटक समोर दिसले, की घोडा सार्वजनिक रस्त्यावर. या खेळातला सगळ्यांत महागडा दावा अडथळ्यावर नव्हे, रस्त्यावर तयार होतो. कारण तिथे घोड्याची गाठ चालत्या मोटारीशी पडते. घोड्याचे पाय बंपरला लागतात आणि धड सरळ समोरच्या काचेवर येते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते देशागणिक बदलते. ब्रिटनच्या १९७१ च्या प्राणीविषयक कायद्यात ठरावीक परिस्थितीत जनावर बाळगणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी येते. घाबरून शेतातून उधळलेले घोडे हमरस्त्यावर एका मोटारीला धडकल्याच्या खटल्यात २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तसाच निकाल दिला. कुंपणात हयगय केल्याचे सिद्ध झालेले नव्हते, तरी घोडे बाळगणारे जबाबदार ठरले. जर्मनीच्या नागरी संहितेतले कलम ८३३ छंदापोटी पाळलेल्या जनावराच्या मालकाला असेच बांधते. पोटापाण्यासाठी जनावर बाळगणाऱ्याला मात्र 'मी पुरेशी काळजी घेतली होती' असा बचाव तिथे मिळतो. अमेरिकेत वारे उलटे आहे. १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने सुरुवात केली, आणि आता बहुतेक राज्यांत घोड्यांच्या अंगभूत धोक्यांबद्दल आयोजकाला संरक्षण देणारे कायदे आहेत. पण ते संरक्षण मिळते सहभागी माणसाच्या दाव्यापासून. रस्त्यावरून मोटारीने जाणारा माणूस काही सहभागी नव्हे. शिवाय सदोष साज देणे, स्वाराची कुवत न बघता घोडा हाती देणे, किंवा जमिनीतला ठाऊक असलेला धोका न सांगणे, अशा गोष्टी झाल्या की त्या कायद्यांचे छत्र सहसा गळते. अनेक राज्यांत ठरावीक मजकुराची पाटी लावावी लागते, आणि ती लावली नाही तर बचाव लंगडा पडू शकतो.

तेव्हा तुमच्याकडे कायदा काय आहे ते वकिलाला विचारा, आणि पॉलिसीत दोन शब्दप्रयोग शोधा. एक, संरक्षण 'स्पर्धेच्या जागेपुरते' आहे की 'स्पर्धेतून उद्भवणाऱ्या' घटनांना आहे? पहिल्या शब्दरचनेत फाटकाबाहेरचा रस्ता निसटू शकतो. दोन, 'जनावरांमुळे होणारे नुकसान' असा अपवाद आहे का? मेळे आणि प्रदर्शने डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या पॉलिसींत तो असतो, आणि अश्वस्पर्धेच्या आयोजकाला ती पॉलिसी विकली गेली तर तो कागद जवळपास कोराच. मैदानावरचा उपाय मात्र स्वस्त आहे: ट्रेलरची जागा आणि रस्ता यांच्यामध्ये दोन फाटके, एक उघडले की दुसरे बंद, आणि दोन्हींवर माणूस. एकच फाटक असेल तर घोडे उतरत असताना ते बंद ठेवायचे. बाहेर गाड्यांची रांग लागली तर लागू द्यावी.

पुढचा थांबा वॉर्म-अपचे रिंगण. इथे थोडे रेंगाळू, कारण क्लबांचे लक्ष सगळ्यांत कमी असते ते इथे आणि पॉलिसीतले सगळ्यांत मोठे भोक उघडे पडते तेही इथेच.

मुख्य रिंगणात एका वेळी एक घोडा असतो. वॉर्म-अपमध्ये दहा-बारा असतात. कोणी चालवतोय, कोणी दौडवतोय, कोणी मध्यभागी अडथळा मारतोय, आणि प्रशिक्षक दांड्याजवळ उभे राहून ओरडताहेत. 'अ' चा घोडा मागून फार जवळ आलेल्या 'ब' च्या घोड्याला लाथ मारतो आणि ती 'ब' च्या नडगीवर बसते. नडगी मोडते. आता 'ब' दावा करणार 'अ' वर, आणि 'रिंगणात इतके घोडे का सोडले' म्हणून क्लबवरही. 'अ' आणि 'ब' दोघे क्लबचे सदस्य, दोघे स्पर्धक.

साधी सार्वजनिक दायित्व पॉलिसी इथे दोनदा हात वर करू शकते. एकदा 'सहभागी व्यक्तींना झालेली इजा वगळून' या कलमाने. म्हणजे पॉलिसी प्रेक्षकांपुरतीच आहे आणि दिवसभर धोक्यात असलेला माणूस, म्हणजे स्वार, तिच्या बाहेर आहे. दुसऱ्यांदा 'एका विमाधारकाचा दुसऱ्या विमाधारकावरील दावा वगळून' या कलमाने. सदस्य हेच विमाधारक असतील तर त्यांचे आपसांतले दावे बाद. दोन्हींवर उतारा आहे, पण तो मागून घ्यावा लागतो: सहभागींच्या इजेसाठीचे वाढीव कव्हर, आणि प्रत्येक विमाधारकाकडे जणू वेगळी पॉलिसी आहे असे मानणारे परस्पर-दायित्वाचे कलम. ही दोन कलमे नसतील तर बाकीच्या मजकुरावर वेळ घालवू नका. आधी एजंटला फोन लावा.

याच रिंगणात आणखी एक छोटी वस्तू आहे, तिच्याकडे जवळून बघा: दांडा ज्यात टेकतो तो कप. रुंद अडथळ्याच्या मागच्या दांड्याखाली सेफ्टी कप लागतो. घोडा वरून त्यावर पडला की कप सुटतो आणि दांडा खाली येतो. एफईआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ, तो सक्तीने वापरायला लावतो. क्लबांत होते असे की मुख्य रिंगणात नवे सेफ्टी कप लागतात आणि जुने, खोल, गंजलेले कप वॉर्म-अपमध्ये जातात. दांडा अडकतो, घोडा त्यावर कोसळतो, आणि मग वकील एकच प्रश्न विचारतो: दोन रिंगणांत दोन नियम का? 'हा खेळच धोक्याचा आहे' हा बचाव त्या प्रश्नापुढे टिकत नाही. जो धोका क्लबला ठाऊक होता आणि पन्नास पावलांवर त्याने टाळलाही होता, त्याला खेळाचा अंगभूत धोका कसे म्हणणार? तीच गोष्ट झेंड्यांची. सरावाच्या अडथळ्यालाही उजवीकडे लाल, डावीकडे पांढरा झेंडा हवा. तो नसला की कोणीतरी उलट्या बाजूने येतो. आणि रिंगणात किती घोडे, हे ठरवायला व जादा घोडा फाटकावर थांबवायला अधिकार असलेला एक स्टुअर्ड हवा. दुसरे काम देऊन त्याला तिथून उचलू नका.

मुख्य रिंगण आणि क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत जायची फेरी, यांच्याबद्दल तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको. कोर्स डिझायनर, तांत्रिक प्रतिनिधी आणि नियमपुस्तक यांचे डोळे तिथे असतात. एवढेच बघा की डिझायनर आणि पंच पॉलिसीत विमाधारक म्हणून धरले आहेत का, की त्यांनी आपला व्यावसायिक दायित्व विमा घेऊन यायचा आहे. सर्वोच्च पातळीवर क्रॉस-कंट्रीचा अपेक्षित वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर असतो. त्या वेगाने उतरलेला घोडा दोरीच्या कुंपणापाशी थांबत नाही. त्यामुळे प्रेक्षक ओलांडतात त्या जागा अडथळ्याच्या उतरण्याच्या रेषेत नकोत.

पण याच कोर्सवर प्रत्येक अडथळ्यापाशी एक माणूस बसलेला असतो. तो ना स्पर्धक, ना प्रेक्षक, ना नोकर. तो स्वयंसेवक. विम्याच्या कागदावर हाच माणूस सगळ्यांत जास्त वेळा दोन खुर्च्यांच्या मधे पडतो. कर्मचारी विमा म्हणतो, तो पगारी नाही. सार्वजनिक दायित्व विमा म्हणतो, तो आयोजकांपैकीच एक आहे, त्रयस्थ नव्हे. म्हणून दोन स्वतंत्र प्रश्न लेखी विचारा: स्वयंसेवकाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर तो विमाधारक आहे का? आणि स्वयंसेवकालाच इजा झाली तर त्याचा दावा पॉलिसीत बसतो का? पहिल्याचे उत्तर बहुधा 'हो' येते. दुसऱ्याला उत्तरच येत नाही. ते येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो स्पर्धकांच्या पालकांत पक्का बसला आहे. दायित्व विमा म्हणजे अपघात विमा नव्हे. दायित्व विम्यातून पैसे मिळतात ते क्लब कायद्याने जबाबदार ठरला तर, किंवा कंपनीने तडजोड केली तर. नुसते पडून हात मोडला आणि कोणाचीच चूक नसली, तर दायित्व विमा काहीच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. चूक कोणाची हे न बघता ठरलेली रक्कम देणारा तो व्यक्तिगत अपघात विमा. तो वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची रक्कमही तुलनेने मर्यादित असते. 'क्लबचा विमा आहे' एवढेच प्रवेशअर्जावर छापले की वाचणाऱ्याला वाटते, मुलगा पडला तर दवाखान्याचा खर्च मिळेल. तो मिळाला नाही की माणूस वकिलाकडे जातो आणि ज्याला एरवी दावा करायचाही नव्हता तो दावेदार होतो. अर्जावर दोन ओळी जास्त छापा: कुठला विमा आहे, कुठला नाही.

तात्पुरत्या तबेल्यांकडे वळू. दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेत क्लब तंबूतल्या पागा भाड्याने देतो, रात्री पहारेकरी ठेवतो, कधी दाणा-पाण्याचीही सोय करतो. ही सोय केली की दुसऱ्याचा घोडा तुमच्या ताब्यात आला असे कायदा म्हणू शकतो. आणि दायित्व पॉलिसीत हमखास असणारा अपवाद म्हणजे 'विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीत किंवा नियंत्रणात असलेली मालमत्ता'. घोडा कायद्याने मालमत्ता. वीजजोडणीतून आग लागली, कडी नीट न लागल्याने घोडा रात्री निघून तारेत अडकला, भाड्याच्या पागेच्या पत्र्याने पाय कापला, तर हे दावे त्या अपवादात जातात. यासाठी ताब्यातील घोड्यांचे वेगळे कव्हर मिळते. त्याला प्रत्येक घोड्यामागे एक मर्यादा असते आणि एका घटनेला एक. आगीत एक घोडा जात नाही, रांग जाते. त्यामुळे दुसरी मर्यादा पहिलीच्या निदान पागांच्या संख्येइतकी पट आहे का, याचा गुणाकार करून बघा. पागा क्लबने न देता कंत्राटदाराने परस्पर द्याव्यात आणि घोड्याची देखरेख मालकाकडेच राहावी असा करार करता आला, तर जबाबदारीचा मोठा भाग तिथेच हलका होतो. मग मात्र पहारेकऱ्याने रात्री घोड्यांना पाणी दाखवत फिरायचे नाही. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे, हे चालत नाही.

तबेल्यांसोबत संसर्ग येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धांमधून ईएचव्ही-१ या हर्पीस विषाणूची साथ पसरली, १८ घोडे दगावले आणि एफईआयने युरोपातल्या १० देशांतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही आठवडे बंद ठेवल्या. अशा प्रसंगी तीन वेगळी नुकसाने होतात: आजारी घोड्यांचे, अडकून पडलेल्या मालकांच्या खर्चाचे, आणि रद्द झालेल्या स्पर्धेच्या उत्पन्नाचे. संसर्गजन्य रोगाचा अपवाद अनेक पॉलिसींत असतो, आणि स्पर्धा रद्द होण्याचा विमा हा दायित्व विम्याचा भागच नव्हे. आल्या घोड्याचा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद, दिवसातून दोनदा तापमान आणि आजारी घोड्याला बाजूला ठेवायला दूर एक पागा, एवढे केले आणि लिहून ठेवले तर निदान हलगर्जीपणाचा आरोप तरी चिकटत नाही.

आता नकाशावर नसलेली, पण मैदानभर फिरणारी वस्तू: ट्रॅक्टर. जमीन सारखी करायला, अडथळे वाहायला, चिखलात रुतलेला ट्रेलर ओढायला. त्याच्या बरोबरीने पंचांना सोडणारी क्वाड बाइक आणि कोणाची तरी जीप. दायित्व पॉलिसीत यांत्रिक वाहनांचा अपवाद जवळपास नेहमी असतो, कारण वाहनासाठी वाहन विमा असतो. पण त्या ट्रॅक्टरचा वाहन विमा शेतीकामापुरता असेल तर? क्वाड बाइकला विमाच नसेल तर? ती चालवणारा सोळा वर्षांचा स्वयंसेवक असेल तर? ट्रेलर ओढताना त्याचा दांडा वाकला, आतल्या घोड्याला इजा झाली, तर वाहन विमा आणि दायित्व विमा एकमेकांकडे बोट दाखवतील. मैदानात येणाऱ्या प्रत्येक वाहनाची यादी करा: मालक, चालक, विम्याचा प्रकार. यादीत नसलेल्या वाहनाला किल्ली लावू देऊ नका. ऐकायला किचकट वाटते. प्रत्यक्षात अर्ध्या पानाची यादी होते.

दुकानदार, मांडववाला, खानपानवाला, नालबंद, पशुवैद्य, रुग्णवाहिका, फुगवलेल्या घसरगुंडीवाला: प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या दायित्व विम्याचे प्रमाणपत्र घ्या, आणि त्यावरची तारीख तुमच्या स्पर्धेच्या दिवसांना व्यापते का ते बघा. मांडववाल्याला एक जादा प्रश्न: वाऱ्याच्या किती वेगाला तंबू रिकामा करायचा, आणि तो निर्णय कोण घेणार?

जमीन दुसऱ्याची असेल तर करारातली दोन वाक्ये पॉलिसीशी ताडून पाहा. जमीनमालक म्हणतो, 'मला विम्यात घ्या.' तुम्ही प्रमाणपत्रावर त्याचे नाव घालून देता. पण नुसते प्रमाणपत्र मिळाल्याने तो सह-विमाधारक होत नाही. त्यासाठी पॉलिसीला एन्डॉर्समेंट, म्हणजे कंपनीने जोडलेली लेखी पुरवणी, लागते. दुसरे वाक्य जास्त घातक: 'कोणत्याही कारणाने होणाऱ्या सर्व दाव्यांपासून क्लब जमीनमालकाला मुक्त ठेवील.' म्हणजे त्याच्या कुजलेल्या फळकुटामुळे झालेला अपघातही तुमच्या माथी. आणि करार केला नसता तर जी जबाबदारी आलीच नसती, ती दायित्व पॉलिसी सहसा उचलत नाही. सही करण्याआधी 'क्लबच्या चुकीमुळे होणाऱ्या' एवढे शब्द घालून घ्या. क्लब नोंदणीकृत संस्था नसेल तर विमाधारकाच्या रकान्यात फक्त क्लबचे नाव पुरत नाही, कार्यकारिणी सदस्यांचा उल्लेख हवा, कारण अशा संस्थेवरचा दावा सदस्यांच्या खिशापर्यंत पोचू शकतो.

जागेइतकाच वेळही बघा. पॉलिसीवर 'शनिवार-रविवार' लिहिलेले असते. अडथळे गुरुवारी लागतात आणि सोमवारी निघतात; मांडणी-उतरणीचे दिवस आत धरून घ्या. आपल्या देशाच्या अश्वारोहण महासंघाच्या सामायिक विम्यावर विसंबणाऱ्या क्लबांनी तर हे दोनदा वाचावे. ते कव्हर सहसा महासंघाने मान्यता दिलेल्या स्पर्धेला असते. त्याच मैदानावर आदल्या दिवशी भरवलेला सराव शो, मधल्या सुट्टीतली मुलांची घोडेफेरी, संध्याकाळची टेंट पेगिंगची (दौडत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलण्याची) प्रात्यक्षिके मान्यतापत्रात नसतील तर ती विम्याबाहेर राहण्याचीच शक्यता जास्त.

आणि अटी. पॉलिसीत लिहिलेले असते: 'घोडेस्वारी चालू असताना वैद्यकीय मदत जागेवर उपलब्ध असेल.' वेळापत्रकात पहिला स्पर्धक ८ वाजता, म्हणून रुग्णवाहिका ७:४५ ला बोलावली. पण वॉर्म-अप ६:३० ला सुरू होतो. त्या सव्वा तासात कोणी पडला तर अटीचा भंग झालेला असतो, आणि अट दाव्याची पूर्वअट म्हणून लिहिली असेल तर कंपनीला नकार द्यायला कारण मिळते. असाच दुसरा प्रसंग: एकुलती रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली, आणि 'दोनच स्वार उरलेत' म्हणून स्पर्धा चालू ठेवली. थांबवायची. दुसरी येईपर्यंत वॉर्म-अपसुद्धा थांबवायचा. हेल्मेटच्या अटीत सध्या मान्य मानकांची यादी बघायची, कारण मानकांच्या जुन्या आवृत्त्या बाद होत जातात आणि स्वार मात्र तेच हेल्मेट वर्षानुवर्षे घालतो.

विम्याच्या प्रस्ताव अर्जातही प्रामाणिक राहा. हप्ता कमी यावा म्हणून घोड्यांची संख्या कमी, अडथळ्यांची उंची कमी, 'रात्री प्रकाशझोतात फेऱ्या नाहीत' असे लिहिले, तर आपल्याच हाताने कंपनीला पळवाट काढून दिली. मागच्या वर्षीचा अर्ज उघडून नुसती तारीख बदलायची सवय यात सर्वांत वाईट.

स्पर्धकांकडून सही करून घेतलेल्या जोखीमपत्राबद्दल थोडक्यात. ते घ्या, कारण धोका सांगितला होता याचा तो पुरावा आहे. पण त्याला विम्याची जागा देऊ नका. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यापासून व्यवसाय करणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी करारातून झटकता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकाने केलेली सही त्या मुलाचा हक्क सोडून देते का, यावर तर अनेक देशांत उत्तर 'नाही' असेच आहे.

मुलांचा विषय निघाला म्हणून पॉलिसीचा प्रकारही बघून घ्या. काही पॉलिसी घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षीच्या कव्हरमधून भरतात. काही दावा ज्या वर्षी आला त्या वर्षीच्या. अनेक ठिकाणी अल्पवयीन जखमीची दावा करायची मुदत तो सज्ञान झाल्यावर सुरू होते. म्हणजे आज दहा वर्षांची मुलगी पडली तर दावा दहा वर्षांनी येऊ शकतो. दावा-आधारित पॉलिसी असलेल्या क्लबने मधे कंपनी बदलली आणि मागील काळाचे कव्हर सुटले, तर दावा येतो तेव्हा दोन्ही कंपन्या मोकळ्या. घटना-आधारित पॉलिसी मिळत असेल तर तीच घ्या, आणि जुन्या पॉलिसी रद्दीत घालू नका. सचिव बदलला की फाइल हरवते, हा या क्षेत्रातला ठरलेला रोग.

आता तो आकडा. मर्यादा ठरवताना घोड्याची किंमत किंवा जमा होणारे प्रवेशशुल्क मनात आणू नका. मणक्याला इजा झालेल्या विशीतल्या माणसाची आयुष्यभराची शुश्रूषा, बुडालेली कमाई आणि घरातले फेरफार यांचा हिशेब करा. मोठा दावा तसाच असतो. मग तीन बारकावे. मर्यादा एका घटनेची आहे की वर्षभराची एकत्र? एकत्र असेल तर मार्चमधला दावा नोव्हेंबरच्या स्पर्धेचे कव्हर खाऊन टाकतो. वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत की वर? आत असेल तर खटला जितका लांबेल तितकी भरपाईला उरलेली रक्कम घटते. आणि पहिली ठरावीक रक्कम क्लबने स्वतः भरायची असेल तर तेवढी खजिन्यात आहे का?

अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचे, हे आधी कागदावर लिहून स्टुअर्डच्या खिशात द्या. जखमीला मदत, मग रिंगण बंद. अडथळा हलवण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे, फूटपट्टी किंवा टेप चौकटीत दिसेल अशी. तुटलेला दांडा, सुटलेला किंवा न सुटलेला कप, तुटलेला तंग, हेल्मेट यांना चिठ्ठी बांधून कुलपात ठेवा. जे क्लबचे नाही ते मालकाच्या संमतीने, निदान छायाचित्र काढून. पाहणाऱ्यांची नावे आणि त्यांनी काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी. जमिनीची अवस्था, हवा, वेळ. 'आमचीच चूक झाली' असे बोलायचे किंवा लिहायचे नाही, आणि क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथले 'मी आधीच सांगितलं होतं तो कप खराब आहे' हे वाक्य न्यायालयात पुरावा म्हणून मांडले जाऊ शकते. याचा अर्थ जखमीच्या घरच्यांशी अबोला धरायचा असा नाही. विचारपूस करायला कुठली पॉलिसी मनाई करत नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी कळवायचे, दावा आलेला नसला तरी. 'त्यांनी काही मागितलं नाही म्हणून कळवलं नाही' हे कारण वेळेत कळवण्याच्या अटीपुढे चालत नाही.

एवढे सगळे एका सभेत होणार नाही. स्पर्धेच्या तीन महिने आधी नकाशा आणि पॉलिसी घेऊन बसलात तर एजंटला प्रश्न पाठवायला, उत्तर आणायला आणि एन्डॉर्समेंट घालून घ्यायला वेळ पुरतो. आठवडाभर आधी बसलात तर जे आहे ते निमूट घ्यावे लागते. प्रश्न ईमेलने पाठवा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. 'ते असतंच की त्यात' हे फोनवरचे उत्तर दाव्याच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. सहभागींची इजा, सदस्यांचे आपसांतले दावे, स्वयंसेवक, ताब्यातले घोडे, रस्त्यावर गेलेला घोडा, मैदानातली वाहने, मांडणीचे दिवस: या सातांपैकी प्रत्येकावर 'कलम अमुक, पान अमुक' असे उत्तर आले की ते छापून पॉलिसीला टाचा, आणि मगच इतिवृत्तात लिहा की विमा झाला.

आपले,
घोड्यांच्या मैदानांवर आणि विम्याच्या कलमांवर काम करणारे काही जण